उलटं विसण

टॅक्सीवाल्या ओसानाईची गाडी बरोबर आठ वाजता दारात आली आणि आई सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागं बस, पाय पसरता येतील, असं सावाकोने दोनदा सांगून पाहिलं. पण त्र्याऐंशी वर्षांत त्सुनेआजींनी कोणाचं ऐकलं नव्हतं, त्या पोटच्या पोरीचं काय ऐकणार!

"आजी, पट्टा लावा हं," पांढरे हातमोजे चढवत ओसानाई म्हणाला. "नाहीतर पोलीस दंड मला करतील आणि चहा तुम्हाला पाजतील."

"पाजू देत. तुझ्या गाडीत कोण विचारतंय चहाला?"

दिवसभरासाठी ही गाडी सावाकोने मुद्दाम ठरवली होती. सकाळी डोंगरातलं गरम पाण्याचं कुंड, दुपारी बीच झाडांच्या जंगलात थोडं फिरणं, पाचपर्यंत घरी. आठवड्याभरात घाटरस्ता बर्फामुळे बंद होणार होता आणि तो पुन्हा उघडल्यावरही आईला तिथं नेता येणार नव्हतं. ते का, हे आईला अजून ठाऊक नव्हतं.

सावाकोच्या मांडीवरच्या पिशवीत टॉवेल होते, आईच्या गोळ्या होत्या आणि त्यांच्याखाली एक तपकिरी लिफाफा होता. शहरातल्या वृद्धनिवासात सोमवारपासून आईची खाट ठरली होती. सही सावाकोने केली होती. गरम पाण्यातून निघाल्यावर आईचा स्वभाव लोण्यासारखा मऊ होतो, तेव्हाच सांगून टाकायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं. नऊ वर्षं ती आईचं करत होती, रात्रीतून चार-चार वेळा उठत होती. कधी एकदा सुटते, असं तिच्या मनात येऊन जाई. मग स्वतःचीच लाज वाटून ती आईसाठी आणखी एक नासपती सोलून ठेवी. आईवर तिचा जीव होता आणि ती आईला विटलीही होती. दोन्ही खरं होतं.

गाडी जिथं थांबली तिथून पुढं पायवाट होती. ओसानाईने आईच्या काठीला पितळेची छोटी घंटा बांधली. "अस्वलांना आवाज गेला की ती बाजूला होतात. दहाच मिनिटांचा रस्ता आहे, ताई. मी इथंच आहे. सावकाश या."

"अस्वल आलंच तर मी त्याला तुझ्याकडे पाठवते," आई म्हणाली. "तुझ्या अंगावर मांस तरी आहे."

खाली सडक्या पानांचा लगदा, वर पिवळी पानं आणि मध्ये धुकं. आईच्या काठीबरोबर घंटा किणकिणत होती. पाच-सात मिनिटांत गंधकाचा वास आला आणि झाडांमधून वाफ दिसू लागली. पाण्याची खोली, मागं विसाव्याची एक खोली आणि दाराशी खिडकी, एवढीच ती लाकडी कुटी होती. दोन तास ती फक्त यांची होती.

खिडकीवर अर्धा पडदा होता. पलीकडच्या बाईचे हात तेवढे दिसले. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं सुरकुततात, तसे ते पांढरे पडून सुरकुतले होते.

"टाकी प्रत्येकासाठी नव्याने भरतो आम्ही," बाई म्हणाली. "भरायची तुमची तुम्ही. दोन पन्हळी आहेत, गरम झऱ्याची आणि गार ओढ्याची. आधी गरम, मग विसण. पुढचं तुम्हाला माहीतच असेल."

"माहीत आहे," सावाको म्हणाली. ते कोणाला माहीत नसतं? आधी गार आणि वरून गरम ओततात ते फक्त मढ्याच्या अंघोळीला.

आई विसाव्याच्या खोलीत कपडे उतरवायला बसली. सावाको पाण्याच्या खोलीत आली. टाकी लाकडाची होती आणि तिच्यावर दोन पन्हळी होत्या. दोन्हींच्या तोंडांना लाकडी बुचं ठोकलेली होती. गरम पन्हळीचं बूच तिने ओढलं, पण गंधकाच्या पुटाने ते घट्ट बसलं होतं. टॉवेल गुंडाळून ओढलं, तरी हललं नाही. आतून आईची हाक आली, "आटप गं, गारठले मी." तोवर गार तरी सोडावं म्हणून तिने दुसरं बूच ओढलं. टक्. ओढ्याचं पाणी टाकीत पडू लागलं. अर्धी टाकी भरली तेव्हा कुठं गरम बूच सुटलं आणि उकळतं दुधी पाणी वरून कोसळलं.

तेव्हा तिला वडील आठवले. चटईवर झोपवलेले वडील, शेजारी घंगाळ, आणि काकू गार पाण्यात किटलीने गरम ओतत होती.

टाकी रिकामी करायला हवी होती. पण पुन्हा भरण्यात अर्धा तास गेला असता, आईने कटकट केली असती आणि मऊ होण्याऐवजी तिचा पारा चढला असता. शिवाय बघतंय कोण? सावाकोने हात घालून पाहिला. पाणी अगदी बेताचं होतं.

दार सरकवून आई आली आणि काठाला धरून थांबली. "आधी गरम घातलंस ना?"

"हो," सावाको पटकन म्हणाली.

आई पाण्यात उतरली आणि डोळे मिटून बसली. तिने पाणी फार गरम म्हटलं नाही, फार गार म्हटलं नाही, गुडघ्यांचं गाऱ्हाणंही केलं नाही. बऱ्याच वेळाने ती हसली. "अंग कसं हलकं झालंय गं. दुखतच नाही काही." सावाकोने तिचा हात धरला. तो पाण्यात असूनही गार होता.

"पुरे आता, आई. ऊठ."

बाहेर आल्यावर आईने कुटीतला युकाता, सुती सैल झगा, अंगावर घेतला आणि उजवी बाजू वर घेऊन नाडी बांधली. जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो, उजवी वर असते ती मढ्याची. सावाकोने नाडी सोडली, बाजू बदलली, पुन्हा बांधली. पाठ वळवून टॉवेल पिळला आणि पाहते तर उजवी बाजू पुन्हा वर.

"असं का करतेस?"

"मी कुठं काय केलं? ठेवलंच होतं तसं."

विसाव्याच्या खोलीत कोणीतरी जेवणाचं ताट आणून ठेवलं होतं. एकच ताट. वाडग्यात भाताचा उंच ढीग आणि त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या, मेलेल्यापुढं ठेवतात तशा. शेजारी एकच गादी घातलेली, उशी उत्तरेला. आई त्या गादीवर अशी टेकली, जणू दिवसभर तिचीच वाट बघत होती.

"जरा पडते मी. तू जेव... नाही, तुला नाहीये वाटतं."

सावाकोने तिला अक्षरशः ओढून उठवलं. युकात्यावरच कोट चढवला, काठी हातात दिली, पिशवी खांद्याला मारली आणि मायलेकी बाहेर पडल्या. धुकं दाटलं होतं. घंटा किणकिणत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग गंधकाचा वास आला, वाफ दिसली आणि समोर कुटी उभी राहिली.

"वाट चुकलीस वाटतं," आई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला सावाकोने वाटेवरचं पडलेलं झाड नीट लक्षात ठेवलं. झाड मागं पडलं. वाट उतरत होती आणि गाडीकडे ती उतरायलाच हवी होती. खाली कुटी होती. तिसऱ्या खेपेला आईचे पाय चालेनात. तिला पायरीवर बसवून, पिशवी तिच्या मांडीवर ठेवून सावाको एकटी पळाली. ओसानाईला आणायचं, दोघांनी मिळून उचलून न्यायचं, असा तिचा विचार होता.

वीसच पावलं गेली असेल. समोर गाडी होती. टपावर पानं पडलेली आणि आत ओसानाई तोंड उघडं टाकून घोरत होता. काचेवर थाप मारायला तिने हात पुढं केला, पण तो काचेपर्यंत पोचेना. एक पाऊल टाकलं, तरी पोचेना. मागं, अगदी जवळ, आईच्या काठीची घंटा वाजली.

तिला कळलं. आईसाठी मदत नेता येणार नव्हती, पण आईला सोडून ती एकटी जाऊ शकत होती. कोणी तिला धरलेलं नव्हतं. गाडीत बसायचं, घरी जायचं, रात्रभर सलग झोपायचं. हे इतकं सोपं होतं की तिला रडू फुटलं. आणि खोटं कशाला बोलायचं, क्षणभर ती तिथंच उभी राहिली. मग वळून पळत परत आली.

पायरीवर आई नव्हती. ती आत गादीवर झोपली होती, हात छातीवर ठेवून. तोंडावर पांढरं फडकं टाकलेलं होतं. सावाकोने ते ओढून भिरकावलं. आईचा श्वास चालू होता, पण फार लांबून आल्यासारखा.

ती खिडकीशी गेली. "आम्हाला जाऊ द्या."

"तुम्हाला कोण अडवतंय?" पडद्यामागून बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मघाशी गाडीपर्यंत जाऊन आलात ना?"

"आईला घेऊन जायचंय."

"पाणी तर त्यांच्यासाठी काढलंत."

"चूक झाली... बूच अडकलं होतं."

"बूच अडकलं होतं. पण नंतर त्यांनी विचारलं, तेव्हा काय सांगितलंत?"

आतून आईचा श्वास ऐकू येत होता. एक... मग बराच वेळ काही नाही... मग आणखी एक.

"उपसून टाकते टाकी. पुन्हा भरते."

"काढलेलं पाणी वाया जात नाही, ताई. कोणासाठी तरी लागतंच."

"मग माझ्यासाठी!" ती ओरडली. "माझ्यासाठी काढलं म्हणा. तिला सोडा."

पांढरी बोटं लाकडावर थांबली. "आत्ता उतरता?"

सावाकोने पाण्याच्या खोलीकडे पाहिलं. टाकीतलं दुधी पाणी हलत नव्हतं आणि त्यातून वाफही येत नव्हती. आईसाठी जीव द्यायला ती तयार होती, पण त्या पाण्यात पाय घालायला तिचा पाय उचलेना.

"आत्ता नको," ती पुटपुटली. "आधी तिला घरी पोचवते."

"बरं," बाई म्हणाली. "मग घरीच."

आई आपण होऊन उठून बसली. भूक लागलीय म्हणाली. पायवाट नेमकी दहा मिनिटांची निघाली. ओसानाईने दार उघडून धरलं, जंगलातला फेरफटका राहू द्या म्हटल्यावर हळहळला आणि झऱ्यात उकडलेली दोन अंडी आईच्या हातात ठेवली. मीठ नाही म्हणून आईने त्याला घरापर्यंत झापलं. मागं बसलेली सावाको ते ऐकून हसत होती आणि डोळे पुसत होती. वृद्धनिवासाला उद्या फोन करून नाही म्हणून सांगायचं, तिचं ठरलं होतं. आणखी नऊ वर्षं करावं लागलं तरी चालेल.

पाचच्या आधीच त्या दोघी घरी आल्या. आईने घरचे कपडे घातले, तेही डावी बाजू वर घेऊन. सावाकोने दाराच्या फटीतून पाहून घेतलं. मग ती स्वयंपाकघरात आली, भात लावला आणि खुर्चीवर जरा टेकली. तिला आईची हाक आली.

"तू बस गं. आज फार दमलीस. अंघोळीचं पाणी मीच काढते."

सांधे धरल्यापासून दोन वर्षांत आईने नळाला हात लावला नव्हता. सावाकोला भरून आलं. तिने पिशवी ओढून घेतली आणि कागद फाडून टाकायला लिफाफा काढला. तो हाताला जड लागला. चिकटवलेलं तोंड सुटलेलं होतं. आत कागद नीट घडी घालून ठेवले होते आणि त्या घडीत आईचा वाचायचा चष्मा होता.

ती तो हातात धरून बसली. पायरीवर एकटी बसलेली आई, तिच्या मांडीवर पिशवी.

न्हाणीघरातून आवाज आला. घरात दोन नळ होते, जुने, फिरवायचे, आणि फिरवले की ते किरकिरत. हा आवाज किरकिरीचा नव्हता. टक्. लाकडी बूच ओढल्याचा. मग बराच वेळ पाणी पडत राहिलं. स्वयंपाकघरापर्यंत वाफ आली नाही, ऊब आली नाही. नंतर पुन्हा एकदा, टक्, आणि गंधकाचा वास आला.

"ये गं," आईने मायेने हाक मारली. "आज आधी तू."

सावाको उठली. तिला उठायचं नव्हतं. न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन तिने चौकटीला धरलं. आत आई पाठमोरी बसून पाण्यात हात फिरवत होती.

"आई... आधी गरम घातलंस ना?"

"हो," आई पटकन म्हणाली.