कोरडी चकती

वेणीमाधव माझ्या शेजारचा, नावेच्या ठेकेदाराकडे कारकून. खोटं बोलायची त्याला अक्कलच नव्हती, म्हणून सांगतो. एकतीस सालचा श्रावण, दुसरा शुक्रवार. चामड्याचा तुकडा आणि करडईच्या तेलाचा डबा घेऊन तो सोलापुरातून भीमेच्या काठी, नावेच्या उतारावर निघाला. काम साधं होतं. मोटारनावेच्या जुन्या इंजिनातून तेल गळत होतं. फिरता दांडा जिथं इंजिनाबाहेर येतो, तिथं तेल अडवायला चामड्याची चकती असते. ती झिजली होती. नवी बसवायची.

बसवणारा रुद्रप्पा. मिस्त्री म्हणायचा एवढंच. गिरणीत दोन महिने तेलाची झारी घेऊन फिरला आणि स्वतःला इंजिनिअर समजायला लागला. चकती रात्रभर कोमट तेलात भिजवून मगच बसवायची, हे नावेचा ड्रायव्हर, लांब पांढऱ्या दाढीचा इमामसाब त्याला कानीकपाळी ओरडून सांगायचा. पण आदल्या साली या आळशानं कोरडीच ठोकली. ती तडकली, तेल गेलं, इंजिन मधल्या धारेत अडकलं. नाव कशीबशी काठाला लागली, पण इंजिन सोडवायला वाकलेला इमामसाब पुरात गेला. प्रेतही मिळालं नाही. आणि हा निर्लज्ज चावडीवर सांगतो, म्हाताऱ्यानं तेल बघितलं न्हाय. लोकांनी मानलं. इमामसाबची बायको लालबी खाली बघत ऐकत राहिली. वेणीमाधवला खरं ठाऊक होतं. तोही गप्प बसला. त्याचीही मला कीव येते.

तर त्या शुक्रवारी नदी चढलेली. सकाळच्या पहिल्या खेपेला बाजाराची चाळीस माणसं जायची होती.

"रात्रभर भिजू दे की," वेणीमाधव म्हणाला.

"तुमी कारकून. तुमी लिवायचं बघा. आत्ता ठोकतो आन् झोपतो."

रात्रीचे साडेअकरा. नाव काठाला बांधलेली. वेणीमाधवनं कंदील धरला. रुद्रप्पानं जुनी चकती काढली, नवी कापली. कोरडीच दांड्याला लावली. हातोडी उचलली...

"चमडा भिगाया क्या?"

आवाज इंजिनाच्या पलीकडून आला. दोघांनी ऐकला. पलीकडे माणूस मावत नाही. नावेची फळी, आणि फळीमागे नदी.

आता तुम्ही विचारणार, भूत दिसत कसं होतं. दिसलं नाही. तुम्हाला काय, फेटा बांधून यायला हवं?

"कोण हाय तितं?" रुद्रप्पा हसला. मोठ्यानं हसला.



त्यानं पुन्हा हातोडी उचलली.

"भिगाया क्या..."

या वेळी जवळून. अगदी कानाशी.

वारा नव्हता. कंदील हलत होता.

दांड्यावरची चकती सरकली... हळूच. कोणीतरी काढून घेत होतं.

आणि हा शूर गडी पळाला. वेणीमाधवही पळाला, त्याला मी झाकत नाही. इंजिन उघडंच राहिलं.

उजाडताना दोघं धावत काठावर आले. नाव सुटून मधल्या धारेत पोचली होती. इंजिनाचं झाकण बसलेलं बघून नव्या ड्रायव्हरला वाटलं, काम झालंय. चाळीस माणसं. ओरडून उपयोग नव्हता. रुद्रप्पा मटकन चिखलात बसला. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, साऱ्या काठादेखत.

"गेल्या साली कोरडी मीच बसवली हुती. इमामसाबची चूक न्हवती..."

नाव पार गेली. परतही आली. तेलाचा थेंब गळला नव्हता.

वेणीमाधवनं स्वतः झाकण उघडलं. चकती जागच्या जागी होती. मऊ, तेलात मुरलेली. दांडा न काढता बसवायची तर चकती एका बाजूनं चिरावी लागते, मग मेणाच्या दोऱ्यानं शिवावी लागते. ही चिरलेली होती. नीट शिवलेली होती.

पण दोरा नव्हता. दाढीचा केस होता. लांब, पांढरा.

ओला.