उरलेल्या शब्दांचा रकाना

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी कुणाचे पाय धरणार नाही. पण माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलीय, आणि ताई थापा मारणारी नाही.

अमावास्या नव्हती की मध्यरात्र नव्हती. बुधवार होता. दुपारचे एक चाळीस. ऑफिसचा तिसरा मजला, लख्ख उजेड, मागे कुणीतरी डबा उघडत होतं.

ताई प्रोग्रामर. तिची चिऊ दहा महिन्यांची. बाळंतपणानंतर ताईला घरात काहीबाही जाणवायचं. रिकाम्या खोलीत कुणीतरी गुणगुणायचं. ती धावत जायची, तर पाळणा हलत असायचा...

भावोजी हसायचे.

"मनाचे खेळ आहेत गं. झोप काढ जरा."

पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आपलंच डोकं ठिकाणावर नाही, हे ताईने मान्य करून टाकलं.

"तुझ्या काही लक्षातही राहत नाही हल्ली," असं भावोजी उठता-बसता म्हणायला लागले, तेव्हा तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाळणाघरात नाना भाषांचे पालक, म्हणून तिथल्या बाई रोज दुपारी साध्या इंग्रजीत दोन ओळींची चिठ्ठी मेल करायच्या. ती भावोजींना यायची, ते ताईला पाठवायचे. प्रोग्राम त्यातली वाक्यं फोडायचा. वेळ एका रकान्यात, दूध दुसऱ्यात, झोप तिसऱ्यात. जे शब्द कुठेच बसत नाहीत ते 'उरलेलं' नावाच्या शेवटच्या रकान्यात.

तो रकाना बहुतेक रिकामाच असायचा.

त्या सोमवारी तिने प्रोग्राम थेट भावोजींच्या मेललाच जोडला. पासवर्ड माहीत होता, तेवढाच रोजचा एक खटाटोप कमी.

बुधवारी तक्ता उघडला...

'उरलेलं' भरलं होतं.

सोमवार : विथ द लेडी.

मंगळवार : लेडी हमिंग.

बुधवार : लेडी सेज, नो मोअर मिल्क.

कोण लेडी?

आपलंच काहीतरी चुकलं, असं ताईला आधी वाटलं. तशी सवयच लावली होती तिला. तिने कोड दोनदा तपासला. पण प्रोग्राम पदरचे शब्द घालत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तिने बाईंच्या मूळ चिठ्ठ्या उघडल्या.

शब्द तिथेच होते.

मग भावोजींनी पाठवलेल्या काढल्या. तीच वेळ, तेवढंच दूध. फक्त शेपूट कापलेलं. ती मागे मागे जात राहिली. सहा महिने... रोज.

तिने भावोजींना फोन लावला.

"चिठ्ठ्यांमधली ती लेडी कोण रे?"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"तू माझ्या मेलमध्ये शिरलीस?"

कोणती लेडी, असं त्यांनी विचारलंच नाही.

ताई पर्स तिथेच टाकून पळाली. पाळणाघर दोन गल्ल्या पलीकडे. बाई दारातच दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"चिऊजवळ कोण असतं?"

"अहो, तुमच्या बहीणच ना त्या? रोज सकाळी तुमच्या मागोमाग येतात. तुम्ही जाता, त्या थांबतात."

"मला कधी बोलला का नाहीत?"

बाई ओशाळल्या. "साहेबच म्हणाले, तिच्यासमोर विषय काढू नका. दोघींचं बोलणं नाही. म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली..."

ताई आत गेली.

चिऊ शांत झोपली होती. तिच्या शेजारची गादी दबलेली होती.

ताईच्या डोळ्यांदेखत ती गादी हळूहळू वर आली...

"आत्ता इथेच होत्या की," बाई मागून म्हणाल्या.

त्या संध्याकाळीच ताई चिऊला घेऊन माझ्याकडे आली. भावोजी रोज फोन करतात. ती कोण, ते आजवर त्यांनी सांगितलेलं नाही. एकदाच म्हणाले, "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं गं."

ताई म्हणाली, "मी घाबरतच होते रे. तू मला एकटीला घाबरू दिलंस."

आता तीन आठवडे झाले. गोळ्या बंद आहेत. ताई पोटभर जेवते, दोन घटका निवांत झोपते. माझाही मुलगा लहान आहे, त्यामुळे घर कसं भरल्यासारखं वाटतं.

काल जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या.

"दोघी बहिणी राहायला आल्यात वाटतं तुझ्याकडे? धाकटी बोलते हो छान. थोरली नुसती चिऊला घेऊन खिडकीत उभी असते..."

मी हसून मान हलवली.

ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही. आत्ता कुठे तिला झोप लागायला लागलीय...