बबूनवर आळ

भिंतीवरचा फोटो पाहिला आणि शुभदाच्या हातातला चहा बशीत सांडला.

टांझानियातलं मन्यारा सरोवर. पाण्यात फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा, मागे उंच कडा आणि कड्याच्या माथ्यावर टेकलेला तांबडा सूर्य. फोटो तिनं काढलेला होता. खाली नाव होतं हेमचंद्र राजवाडे, आणि शेजारी पहिल्या बक्षिसाची फीत. परदेशात, बेडोकच्या हॉलमधल्या मराठी मंडळींच्या प्रदर्शनात, २०१६ साली, भरदिवसा इतकी उघड चोरी!

हेमचंद्र म्हणजे तिच्या नवऱ्याचा, अभयचा, साहेब. जूनमध्ये दोन्ही जोडपी मिळून आफ्रिकेत पक्षी बघायला गेली होती. मन्याऱ्याला अंधार पडल्यावर पोचली, पुढचा पूर्ण दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच निघाली. त्या मधल्या संध्याकाळी शुभदा तळ्यावरून परतली, मेमरी कार्डाचं पाऊच लॉजच्या व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेली आणि बाहेर येते तर पाऊच गायब. बबून माकडानं पळवलं, असं व्हरांड्यात पाय वर करून बसलेल्या हेमचंद्रनं सांगितलं. टेबलावर त्याच्या बायकोचा, विनीताचा, लाडवांचा उघडा डबा तेवढा उरला होता, काठोकाठ भरलेला. सगळे हळहळले आणि लाडू खात बसले.

अभयनं तिला कोपऱ्यात ओढलं. सोडून दे म्हणाला. इथे राहून काम करायच्या पासची मुदत संपत आलीय, नूतनीकरण साहेबाच्या हातात आहे, नोकरी गेली तर महिन्याभरात घर गुंडाळून मायदेशी परतावं लागेल. तो घाबरला होता आणि खोटं काहीच बोलत नव्हता.

"मला कळतंय," शुभदा म्हणाली. "पण हे मी गिळणार नाही."

ती सरळ हेमचंद्रपाशी गेली. भोवती कौतुक करणाऱ्यांचा घोळका होताच.

"सर, फोटो कधी काढलात?"

"सकाळी. आपण सगळे गेलो होतो ना, तेव्हा. तू जीपच्या दुसऱ्या बाजूला होतीस."

"संध्याकाळी नाही?"

"संध्याकाळी कसा? पाय मुरगळला होता माझा. तू एकटीच ड्रायव्हरबरोबर गेलीस."

विनीतानं मान डोलावली. त्याच्या पायाला बाम चोळून ती खोलीत जरा आडवी झाली, ती पाऊच हरवल्याच्या गलक्यानंच उठली, असं तिनं सांगितलं. शुभदानं तिला त्या दिवशीच्या सकाळच्या चहाची आठवण विचारली. विनीता खुलली. कड्याकडे पाठ करून बसलो होतो, समोर तळ्यावर सूर्य उगवत होता, डोळे नुसते दिपत होते, म्हणाली.

हेमचंद्रचं हसू तिथेच आटलं.

"पाऊच गेलं तेव्हा अभय खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता," शुभदा बोलू लागली. "मी आंघोळ करत होते तोवर त्याचा आवाज अखंड ऐकू येत होता. विनीताताई झोपल्या होत्या. व्हरांड्यात तुम्ही एकटे. बबून आला म्हणालात. बबून साजूक तुपातले लाडू सोडून चामड्याचं पाऊच कशाला नेईल? डब्यातला एक लाडूसुद्धा हलला नव्हता. मला हे तेव्हाच सुचायला हवं होतं. पण आपण चौघं घरची माणसं, म्हणून संशय माकडावर."

"अंदाज आहेत तुझे," हेमचंद्र म्हणाला.

"मग फोटोच बघा. सकाळी सूर्य तळ्यावर उगवला, कडा पाठीमागे. म्हणजे कडा पश्चिमेला. इथे सूर्य कड्यावर टेकलाय. हा मावळतीचा फोटो आहे, सर. आणि तिथल्या आपल्या एकुलत्या एक संध्याकाळी तळ्यावर मी होते. तुम्ही नव्हतात, आत्ताच म्हणालात."

विनीता नवऱ्याकडे बघतच राहिली. हेमचंद्र अभयकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बायकोला आवर. तुझे कागद पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर येतायत."

शुभदानं तरीही हात पुढे केला.

"माझं कार्ड द्या."

अभय घाम पुसत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कागदांचं काय व्हायचं ते होऊ दे, सर. तिचं कार्ड द्या."

"आत्ता इथे कुठून देऊ? घरी आहे ते," हेमचंद्र खेकसला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळ्या हॉलनं ऐकलंय.

"मग चला," शुभदा पर्स खांद्याला लावत म्हणाली. "आम्ही येतो बरोबर."