हे हात कुणाचे?

जवळ सरका जरा. आणि ते मोबाईल पालथे ठेवा.

ही गोष्ट जिची हाय तिनं मला इथंच, ह्याच ओसरीत बसून सांगितली. घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. हातात चहाचा कप होता, तो तसाच गार झाला. ती खोटं बोलणारी पोर न्हाय. आमच्या राजपालची लेक दीक्षा. परंड्यात एसटी स्टँडच्या मागं जिचं डिजिटलचं दुकान हाय, ती.

दीक्षा तीन वर्षं पुण्यात चित्रांचंच काम करून गावाकडं परत आली. दुकानात फ्लेक्स, लग्नपत्रिका, कपावरचे फोटो, सगळं करायची. पण तिचं नाव झालं ते कार्टूनमुळं. आपण आपला साधा फोटो द्यायचा. ती कंप्युटरवर त्या फोटोवरनं रेघ ओढत न्यायची. डाग, सुरकुत्या, सावल्या सगळं काढून टाकायची आणि सपाट रंग भरायची. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखा माणूस तयार. आता म्हणं मोबाईलवर एका टिचकीत होतं, पण त्यात सगळ्यांची तोंडं एकाच आईच्या पोटची दिसतात. दीक्षाचं तसं नव्हतं. ती चेहरा हातानं काढायची. नाकाचं वळण चुकलं तर अर्धा दिवस घालवायची. फक्त चेहराच, हां. खालचं धड ती तयारच घ्यायची. साडीतली बाई, कोटातला माणूस, फ्रॉकातली पोर, असली धडं तिच्याकडं शेकड्यानं होती. त्यावर मुंडकं बसवायचं. धडाकडं कोण बघतंय?

तर मंगळवारी, अकरा जूनला, साल दोन हजार चोवीस, भर दुपारी गिरिजाबाई तिच्या दुकानात आली. गिरिजाबाई म्हणजे किल्ल्याच्या अंगाला राहणारी म्हातारी, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. पदराखालनं प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतनं कागद, कागदातनं एक फोटो. पासपोर्टचा, अंगठ्याएवढा.

"लेकी, फोटोचं चित्र करतीस म्हणं तू? हसरं करता येतं का?"

दीक्षानं फोटो हातात घेतला. पंचविशीतली बाई. फ्लॅशला दचकून डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. गळ्यापर्यंतचाच फोटो.

"कोण ह्या, आजी?"

"माझी लेक. अयोध्या. टोळीबरुबर गेलती ऊस तोडायला, ढोकीकडं. उसाच्या फडात साप चावला. तीन सालं झाली."

दीक्षानं फोटो काउंटरवर अलगद ठेवला.

"तिची पोर हाय माझ्यापाशी, ज्ञानू. बापानं दुसरं घर केलं. ह्योच फोटो मोठा करून भिंतीला लावलाय, पर पोर त्याच्याकडं बघंना. रातच्याला तिकडं पाठ करून झोपती. मला इचारती, ही बाई कोण हाय? म्हणलं, तुझी आय. तर म्हणती, न्हाय. ही न्हाय माझी आय."

म्हातारीनं पदरानं नाक पुसलं.

"शनिवारी शाळंत घालायची हाय. पोरं इचारत्याली, तुझी आय कशी हाय गं? तिनं काय सांगावं? हसरं केलंस तर भ्यायची न्हाय ती. दुसरा फोटो न्हाय गं माझ्यापाशी. एवढाच हाय."

"करते, आजी. गुरुवारी या," दीक्षा म्हणाली.

तिनं ते काम मनावर घेतलं. बुधवारचा सगळा दिवस त्याच्यातच गेला. वटारलेले डोळे हसरे करायचे म्हणजे पापणी किती खाली घ्यायची, मिटलेला ओठ किती उघडायचा, सगळं अंदाजानं. गिरिजाबाईच्या ओठांचं वळण आठवून तिनं अयोध्याच्या ओठाला हसू दिलं. संध्याकाळपर्यंत चेहरा असा उतरला की दीक्षाला स्वतःलाच बरं वाटलं. मग तिनं एक तयार धड घेतलं. हिरवी साडी, हातात चुडा, दोन्ही हात पुढं केलेले, जसं काय लेकराला बोलावतीय. त्यावर चेहरा बसवला. चित्र झालं.

बुधवार, बारा जून. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं.

वारं सुटलं आणि लाईट गेली. सगळं स्टँड काळंकुट्ट. दीक्षाचा कंप्युटर तेवढा बॅटरीवर चालू राहिला. धूळ येते म्हणून तिनं शटर निम्म्यावर ओढलं आणि चित्र एकदा लांबून बघावं म्हणून कंप्युटरचा पडदा जरा काउंटरकडं फिरवला. पडद्याचा उजेड काउंटरच्या काचेवर पडला. त्याच्या पलीकडं काहीच दिसत नव्हतं.

पलीकडं कुणीतरी उभं होतं.

दीक्षाला वाटलं, वाऱ्याच्या आवाजात शटरखालनं वाकून आलेलं कळलं नसंल. गिऱ्हाईक हाय.

"बोला ताई. लाईट गेलीय, प्रिंट आता निघायची न्हाय."

नुसता लुगड्याचा काठ दिसत होता, मातीनं मळलेला. तोंड अंधारात.

"फोटो द्यायचाय का?"

मग ती बाई बोलली. हळू. लई दिवस कुणाशी बोलली नसल्यासारखी.

"हे हात कुणाचे हाईत?"

दीक्षानं पडद्याकडं बघितलं. हिरवी साडी, चुडा, गोरेपान गुळगुळीत हात, नखाला लाल रंग.

"तसे कुणाचे न्हाईत, ताई. तयार असतात. चेहरा तेवढा खरा असतो."

"तिला त्वांड ठावं न्हाय."

"कुणाला?"



दीक्षाला वाटलं, गिरिजाबाईच्या घरातली कुणीतरी असंल. धाकटी लेक, न्हायतर जाऊ-भावजय. म्हातारीनं चित्र बघायला पाठवली असंल. तिनं विचारलं, "तुम्ही अयोध्याताईंच्या कोण? बहीण का?"

अंधारातनं एक हात पुढं आला आणि काचेवर टेकला. डावा हात, पालथा.

रापलेला, काळा. मनगटापासनं बोटांपर्यंत बारीक बारीक कापल्याच्या रेघा, काही जुन्या, काही ओल्या. आणि अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर न्हाय. बोट मधीच तुटून गोल झालेलं.

"ह्यो काढा," बाई म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, पोर उठून पळाली का न्हाय? अरे, पळायला भ्यावं लागतं. तवर ती भ्यालीच नव्हती. उलट तिला लाज वाटली, की आपण मेलेल्या बाईला परके हात लावले. तिनं चित्रातला उजवा हात पदराखाली झाकला, डाव्याची ती गोरी बोटं पुसून टाकली आणि समोरचा हात बघून रेघ ओढायला लागली.

अंगठा. मग ते तुटकं बोट. मग मधलं.

वारं थांबलं होतं. दुकानात माऊसचा आवाज. बाकी काही न्हाय. दीक्षा मधी मधी बोलत होती, "दुखतंय का अजून?" "कोयत्यानं तुटलं का?" पलीकडनं काहीच येत नव्हतं. हूं न्हाय. श्वास न्हाय. हात काचेवर तसाच. हलला न्हाय. एवढा वेळ माणसाचा हात हलल्याबिगर राहतो का?

रेघ पुरी झाली. रंग भरला. आता शेवटचं काम, सावली. सपाट चित्रातसुद्धा हाताखाली एक सावली द्यावी लागती, न्हायतर हात हवेत तरंगल्यासारखा दिसतो. सावली कुठल्या बाजूला पडलीय हे बघायला दीक्षानं मान वर केली.

तिचा स्वतःचा हात काचेवर होता. त्याची सावली पडली होती. लांब.

पेन पडला होता. त्याची सावली होती.

त्या हाताला...

तिनं परत बघितलं.

हाताभोवतीची काच मोकळी होती. हाताखाली नुसता उजेड.

दीक्षानं बाहेरच्या वाटेकडं बघितलं. शटर दहा पावलांवर. मधी ती बाई.

"कोण..."



हात तसाच. वाट बघत.

दीक्षा मला म्हणाली, "काका, त्या घडीला मला एकच कळलं. तिला मला भिववायचं नव्हतं. तिला चित्र पुरं करून पाहिजे होतं." डोळ्यांतनं पाणी गळत होतं, कशाचं ते तिलाच कळत न्हवतं. तसल्यात तिनं माऊस धरला. सावली दिली न्हाय. नखाखालची माती काढली. एकेक काप काढला. आयुष्यभर जे पुसत आली ते सगळं काढलं.

"झालं," ती म्हणाली.

हात काचेवरच होता.

"झालं, ताई."

...

"झोपताना धरती ती," अंधारातनं आवाज आला. "ह्ये बोट."

नऊ वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. दुकानात कुणी न्हवतं. शटर निम्म्यावर तसंच. काचेवर धुळीचा पातळ थर बसला होता, सगळीकडं सारखा. हात टेकल्याची खूण सुद्धा न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी माझ्याकडं आली, मग दुकानात गेली. प्रिंट काढली. दुपारी गिरिजाबाई आली, ज्ञानूला संगं घेऊन. दीक्षानं काही सांगितलं न्हाय. नुसतं चित्र पुढं ठेवलं.

म्हातारीनं चेहरा बघितला, हसली. नजर खाली आली. आणि ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

"हे बोट... तुला कुणी सांगितलं गं?"

दीक्षानं ज्ञानूकडं बघितलं.

"लगीन व्हायच्या आदीच कोयता बसलाता तिला. फोटूत तर हात न्हाय." म्हातारी त्या बोटावरनं आपलं बोट फिरवत होती. "पहाटं तीनला फडात जायची माझी लेक. अंधारात जायची, अंधारात यायची. पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत, दिवा नसायचा. पोर दीड-दोन वर्साची, कवा बघितलं असंल तिनं आयचं त्वांड? रात्री तेवढी कुशीत यायची. चाचपडायची आणि हे तुटकं बोट मुठीत गावलं की मग डोळा मिटायची. दुसरं कुणाचं बोट दिलं तर रडायची. मीच इसरून गेलते गं हे. मीच तिला त्वांड दाखवत बसले."

ज्ञानू काउंटरपाशी उभी होती. तिची हनवटी काचेला लागत होती. तिनं टाचा उंच केल्या आणि चित्र बघितलं. हसरा चेहरा बघितला, त्याचं तिला काही वाटलं न्हाय. मग हात बघितला.

लई वेळ बघितला.

मग तिनं आपली मूठ उघडली, कागदावरच्या त्या बोटावर ठेवली आणि मिटली. कागदच तो, मुठीत काय येणार? पण पोरीनं मूठ सोडली न्हाय. मान तिथंच काचेवर टेकली आणि भर दुपारी, उभ्या उभ्या, तिचे डोळे झाकले.

"आय," म्हणाली.

गिरिजाबाई तोंडात पदर कोंबून रडली. दीक्षानं दुकान बंद केलं आणि दोघींना घरापर्यंत सोडून आली. भिंतीवरचा जुना फोटो उतरवला, तिथं चित्र लावलं. लेकराचा हात पुरंल एवढं खाली. त्या रात्री ज्ञानू भिंतीकडं तोंड करून झोपली. शुक्रवारीही.

आता शनिवार. पंधरा जून, शाळेचा पहिला दिवस.

गिरिजाबाई पहाटे उठली. दाराला आतनं कडी होती, रात्री तिनंच घातलेली. ज्ञानू झोपेतच होती. म्हातारीच्या हाताला कंप. तीन सालांत तिला नातीची वेणी कधी घालता आली नव्हती, केस नुसते रबरात कोंबायची ती. शाळेचा दिवस म्हणून शेजारणीला बोलवावं, अशा विचारात तिनं पोरीला उठवायला डोक्याखाली हात घातला.

हाताला वेणी लागली.

चापूनचोपून तेल लावलेले केस. सरळ भांग. घट्ट वेणी, एक केस बाहेर न्हाय. आणि टोकाला रिबीन न्हवती. उसाचं पान होतं. पीळ देऊन, उसाची मोळी बांधताना घालतात तसली गाठ मारलेलं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्याचा ठणठणाट होता. गावाच्या आसपास कुठंच उभा ऊस न्हवता. आणि ते पान हिरवंगार होतं.

दीक्षाला बोलावून घेतलं तिनं. दीक्षानं स्वतःच्या हातानं ते पान चाचपलं. ओलं लागलं. पानावर बारीक थेंब होते. दवाचे.

दव पडतं ते थंडीत, पोरांनो. ऊसतोडीच्या दिवसांत.

ती पंधरा जून होती.