गोदामातले तेवीस खोके

गोदामाच्या दारातच दोघांची धडक झाली. तिच्या हातात बर्फाची पेटी, त्याच्या हातात कागदांची चळत. कागद फरशीभर पसरले.

"जरा सांभाळून..." तो म्हणाला.

"सांभाळायला वेळ कुणाकडे आहे?"

ती सरकारी इस्पितळातली फार्मासिस्ट. देशाच्या तिजोरीत खडखडाट झाल्यापासून बाहेरून औषधं येणंच थांबलं होतं. तिच्या फ्रिजमध्ये उद्या सकाळपुरतंच इन्सुलिन उरलं होतं, आणि वॉर्डात अकरा मुलं होती. तो परदेशी मदत संस्थेचा माणूस. बोटीने आलेले इन्सुलिनचे तेवीस खोके त्याच्या ताब्यात होते. पण बंदरावर ते दोन दिवस उन्हात पडून राहिले होते.

"असे देता येणार नाहीत," तो म्हणाला. "प्रत्येक खोक्यात एक पट्टी असते. ती उष्णतेने लाल झाली असेल, तर औषध वाया गेलं."

"मग बघत काय बसलाय? उघडा."

दोघं जमिनीवरच बसले. पहिला खोका – लाल. दुसरा – लाल. सहावाही लाल निघाला, तेव्हा तिने तो रागाने बाजूला ढकलला. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"रागावलात की तुमचं नाकही लाल होतं," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे मीही वाया गेले म्हणा की..."

"छे. तुमची तपासणी अजून बाकी आहे."

अशा वेळी हसू कसं आलं, तिचं तिलाच कळेना.

सातव्या खोक्यातली पट्टी पांढरी होती. तिने त्याचं मनगट गच्च धरलं, आणि सोडायचं तिला भानच राहिलं नाही. शेवटी नऊ खोके चांगले निघाले. महिनाभराची निश्चिंती झाली.

तो स्वतः गाडी चालवत इस्पितळापर्यंत आला. कुप्या फ्रिजमध्ये लावून झाल्यावर तो दाराशी घुटमळला.

"उद्या मी निघतोय. दुसऱ्या बंदरावर... सहा महिने."

फ्रिजचं दार लावता लावता ती थांबली. "पुढची औषधं घेऊन तुम्हीच याल ना?"

"ते माझ्या हातात नाही. कुणीही येईल."

वॉर्डातून नर्सची हाक आली. ती दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"औषधं कुणाच्याही हाती पाठवा. तुम्ही मात्र... रिकाम्या हाताने आलात तरी चालेल."

आता अडखळण्याची पाळी त्याची होती. "सुट्टी... मार्चमध्ये मिळेल."

"मग मार्चमध्ये," ती म्हणाली आणि इन्सुलिन घेऊन वॉर्डाकडे धावली.