बंद होल्डमधली हजेरी

अमेय, तो मोबाइल आधी खिशात घाल. समोर पाण्यात दिवे दिसतायत ना, ती नांगर टाकून उभी असलेली जहाजं. वेस्ट कोस्टच्या या बाकावर बसून तुम्ही त्यांचे फोटो काढता, वन-नॉर्थच्या ऑफिसात दाखवता. असल्याच एका जहाजावर निशिकांत गेला होता. माझा जुना मित्र. गप्पा हाणणारा माणूस नव्हे, म्हणून सांगतो.

साल २०१४. पिठोरी अमावास्येच्या आदला दिवस, रविवार. इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना संपत आला होता, फुटपाथवर पितरांसाठी कागद जळत होते. निशिकांत एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट, म्हणजे बंदरात आलेल्या जहाजाची तब्येत बघणारा किनाऱ्यावरचा इंजिनिअर. संध्याकाळी साहेबाचा फोन आला. जपानहून जकार्त्याला चाललेलं जहाज आलंय, आग विझवायच्या गॅसच्या बाटल्या संपल्यात, बदल आणि सकाळी सोडून दे. साधं काम. बायकोला म्हणाला, सुलेखा, जेवायला थांबू नकोस. आणि लाँच पकडून निघाला.

जहाजाच्या पोटात, होल्डमध्ये, आगगाडी होती. हसू नकोस अवनी, खरंच होती. टोकियोच्या उपनगरांत पंचवीस वर्षं धावलेली विजेची गाडी, २०५ सिरीज म्हणतात ती. स्टीलचे डबे, हिरवा पट्टा, लांबलचक मऊ बाकं. जपान्यांनी निवृत्त केली की ती जकार्त्यात पुन्हा नोकरीला लागायची.

वाटेत एका रात्री होल्डमधून धूर आला. कॅप्टननं झाकणं लावून आत कार्बन डायऑक्साइड सोडला. त्यानं आग गुदमरते. माणूसही गुदमरतो. म्हणून सोडण्याआधी सगळ्यांना डेकवर उभं करायचं आणि मोजायचं. डोकी मोजायची, रे! पहिलीतल्या पोराला जमेल असं काम.

कॅप्टननं निशिकांतला चहा पाजला. म्हणाला, "आग बुझ गयी साब. होल्ड अब जकार्ता में ही खोलेंगे." आणि मग बिस्किट पुढे करताना म्हणाला, "एक फिटर गया. दूसरे दिन पानी में कूद गया. डिप्रेशन."

फिटर म्हणजे संजीव. हर्णैचा. त्याला बोटीवर चिकटवलं होतं ते निशिकांतनंच. मुलीचं बारसं करून, पेढे वाटून चढलेला पोरगा, तो कशाला जीव देईल? पण कंपनीनं त्याच्या बायकोला, रत्नाला, तसं कळवूनही टाकलं होतं. तुझ्या नवऱ्यानं उडी मारली. बस. त्या बाईनं तो डाग घेऊन गावात जगायचं.

"उडी मारताना कुणी पाहिलं?" निशिकांतनं विचारलं.

"नहीं."

"गॅस सोडताना तो डेकवर होता?"

"था ना. बोसनने नाम पुकारे, सबने जवाब दिया." बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम.

"चेहरे बघितले होते?"

"अंधेरा था, साब."

निशिकांतचं डोकं फिरलं. त्यानं साहेबाला फोन लावला, होल्ड आत्ता उघडायचाय म्हणाला. साहेब शांत आवाजात म्हणाला, "तुझं काम बाटल्या बदलायचं. इथे काम करायचा पास रिन्यू व्हायचाय ना तुझा? तुझ्या लेकीची, इराची शाळा कशी चाललीय?"

फोन ठेवला त्यानं. मी त्याला दोष देत नाही. पोटाला चिमटा बसला की भलेभले गप्प बसतात. बाटल्या बदलल्या, बॅग उचलली, शिडीकडे निघाला. मध्यरात्र उलटली होती. वारा नाही. पाणी तेलासारखं स्थिर. होल्डच्या झाकणावरून जाताना त्याच्या बुटाखाली लोखंड हललं.

आतून.

तो थांबला. पुन्हा काही नाही. बॅग खाली ठेवली आणि ओरडला, "कॅप्टन! सगळ्यांना इथे बोलवा. माझ्यासमोर हजेरी घ्या."

झोपेतले खलाशी झाकणाभोवती गोळा झाले. बोसन नावं पुकारू लागला. "हजर." "हजर." निशिकांत प्रत्येकाच्या तोंडावर बॅटरी मारत होता.

"आता संजीवचं नाव घे."

बोसन कॅप्टनकडे बघायला लागला.

"घे म्हणतो ना!"

"संजीव..."

निशिकांतनं बॅटरी झाकणावर धरली.

मग खालून ठोका आला. एकच.

"पाइप है," कॅप्टन म्हणाला. "ठंडा होता है तो बजता है."

"दुसरं नाव घे."

"प्रकाश..."

खाली शांत. वरही शांत.

"आता त्याचं."

"संजीव..."

ठोका.

प्रकाश, संजीवचा जोडीदार फिटर, पुढे आला. "साहेब, त्या रात्री त्याच्या नावाची ओ मी दिली."

"का?"

"तो गाडीत झोपायचा. बाकं मऊ आहेत. कार्गोत झोपलेला सापडला असता तर घरी पाठवला असता त्याला. मला वाटलं, धूर बघून वर आला असेल, असेल मागे कुठेतरी..."

कॉलेजात तुम्ही प्रॉक्सी मारता ना रे? दोस्तीत मारता. यानंही दोस्तीतच मारली.

"दुसऱ्या दिवशी कॅप्टनला सांगितलं मी," प्रकाश म्हणाला. "ते म्हणाले, तोंड उघडलंस तर खुनी तूच ठरशील."

म्हणजे माहीत होतं! खाली पोरगा मरून पडलाय हे माहीत असून हा माणूस वर बिस्किटं खात होता. संताप होतो, अजून होतो माझा.

निशिकांतनं कुणाला विचारलं नाही. रात्रभर पंखे लावून गॅस काढला, उजाडताना पाठीला हवेची बाटली लावून खाली उतरला. मधल्या डब्यात बाकावर संजीव झोपला होता. डोक्याखाली टॉवेल. बूट नीट जोडीनं काढून ठेवलेले. त्याला जागच आली नव्हती. आणि वरचं झाकण त्या डब्यापासून दोन माणसं उंच.

ठोका कुणी दिला... मला विचारू नका.

रत्नाला खरं कळलं, संजीव घरी पोचला. पण कंपनीच्या अहवालात काय आलं? मयताचा निष्काळजीपणा! कॅप्टनला पुढच्या वर्षी मोठं जहाज मिळालं. निशिकांतचा पास गेला. कसाबसा तुआसला जहाजं दुरुस्त करायच्या एका यार्डात चिकटला.

दोन वर्षांनी यार्डाच्या कामासाठी तो जकार्त्याला गेला. संध्याकाळी लोकलमध्ये चढला आणि डब्याच्या नंबरावरून ओळखलं, तीच गाडी. डबा खच्चून भरलेला, पण बाकावर एक जागा रिकामी. तो बसायला गेला तर शेजारच्या बाईनं नुसती मान हलवली. नको.

शेवटचं स्टेशन आलं. सगळे उतरले. निशिकांत एकटा उभा. त्या जागेची गादी दबलेली होती, कुणी बसलं की दबते तशी.

तो हळूच म्हणाला, "संजीव... मोजलंय तुला मी. उतर आता, बाळा."

दरवाजे उघडे होते. डब्यात कुणी नाही.

गादी हळूहळू वर आली.

जपानात या बाकांखाली थंडीसाठी हीटर असतात. जकार्त्यात त्यांना कोण विचारतो, ते बंदच. एसीनं डबा गार पडला होता. निशिकांतनं त्या जागेवर तळहात ठेवला.

गरम होती.