‘अहो’ म्हणणारा यंत्रमानव

“अहो, चहापत्ती संपत आली असेल... ना?”

केतकीच्या हातातून साबणाची वडी निसटली. हा आवाज तिच्या आजीचा होता. शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबायचं आणि मग तो शब्द जरासा वर उचलून सोडायचा, असं फक्त वैजयंतीआजीच बोलायची. पण आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. समोर उभा होता तो कमरेइतक्या उंचीचा, पोटाशी टोपली असलेला, चाकांवर फिरणारा यंत्रमानव.

मिरजेतल्या ‘घरपूर्ती’ या दुकानात असे बरेच यंत्रमानव होते. सगळे त्यांना ‘सोबती’ म्हणत. गिऱ्हाईक आत आलं की एक सोबती पुढे यायचा, हवं ते दाखवायचा आणि सामान टोपलीत घेऊन मागोमाग फिरायचा. दुकान सुरू होऊन वर्ष झालं होतं. केतकी मात्र तिथे पहिल्यांदाच आली होती. आई-बाबा कामासाठी परदेशी गेल्यामुळे ती नुकतीच आजोबांकडे राहायला आली होती.

“संपली असेल खरी,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी चहापत्तीचा पुडा टोपलीत टाकला.

घरी आल्यावर केतकीने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. आत चहापत्तीचे पुडे एकावर एक रचलेले होते. त्यांच्या मागे न वापरलेल्या मेणबत्त्या, गुडघ्याचे पट्टे आणि लहान बाळांची पावडरसुद्धा होती. या घरात बाळ कुठे होतं?

“आजोबा, तो सोबती आजीसारखा बोलतो.”

तिचे आजोबा, प्रमोद बिडकर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. ध्वनिशास्त्र (आवाज कसा तयार होतो आणि कसा पोचतो याचा अभ्यास) हा त्यांचा लाडका विषय. एरवी आवाजाबद्दल काही विचारलं की ते जेवण विसरून बोलत बसायचे. आज मात्र त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“काहीतरीच. यंत्र आहे ते. तुला भास झाला असेल.”

केतकीला भास झालेला नव्हता. आणि आजोबा तिच्याकडे न बघता बोलले, हे तिला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती एकटीच दुकानात शिरली. तोच सोबती पुढे आला. टोपलीवरचा ओरखडा तिने ओळखला.

“नमस्कार. काय दाखवू?” आवाज सपाट होता, धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही.

केतकीने इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून विचारलं, “माझ्या आजीचा आवाज तू कुठून चोरलास?”

“क्षमस्व, समजलं नाही. आपल्याला चोरकप्पा असलेली पिशवी हवी आहे का?”

हा साळसूदपणा केतकीला खरा वाटेना. संध्याकाळी ती पुन्हा आजोबांबरोबर गेली, तेव्हा ती मुद्दाम मसाल्यांच्या मांडणीआड थांबली. आजोबा जवळ येताच त्याच सोबतीतून आजी बोलू लागली. “अहो, आज उशीर... झाला?” आजोबा थांबले. खिशातून हात काढून त्यांनी केस सारखे केले. मग हळूहळू, काहीच घाई नसल्यासारखे, ते त्याच्याबरोबर चालू लागले.

म्हणजे सोबतीचा एक आवाज सगळ्यांसाठी होता आणि दुसरा फक्त आजोबांसाठी!

त्या दिवसापासून केतकीला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. आजीचा जुना फोन ज्याने दुरुस्त केला होता, त्याने त्यातले निरोप विकले असतील का? घरातला टीव्ही गुपचूप ऐकत असेल का? की आजोबांनीच दुकानाला आजीचा आवाज देऊन टाकला? हा शेवटचा विचार तिला सर्वांत जास्त टोचला. तिने त्यांना सरळ विचारलं.

“मी कुणाला काहीही दिलेलं नाही,” ते म्हणाले. हे खरं वाटलं. पण ते काहीतरी लपवत होते, हेही तेवढंच खरं वाटलं.

दुकानाच्या दाराशी, कुंडीच्या मागे, एक छोटीशी पाटी होती. ‘येथे ग्राहक-वर्तनाचा (लोक काय, कधी आणि का विकत घेतात याचा) अभ्यास सुरू आहे. चौकशी : डॉ. नाझनीन शिकलगार, काचेची खोली.’ अक्षरं इतकी बारीक होती की ती कुणी वाचू नयेत म्हणूनच लिहिली असावीत, असं केतकीला वाटलं.

तिने काचेच्या खोलीचं दार वाजवलं. आतल्या बाई एका उघडलेल्या सोबतीच्या चाकात स्क्रू बसवत होत्या.

“मॅडम, तुम्ही माझ्या आजीचा आवाज चोरलाय.”

डॉ. नाझनीन हसल्या नाहीत. त्यांनी स्क्रू खाली ठेवला. “असं होणार नाही, बाळ. आम्ही कोणत्याही माणसाचा आवाज सोबतीत भरलेला नाही.”

“मग हे ऐका.” केतकीने आपल्या फोनवर आजीने पाठवलेला वाढदिवसाचा निरोप लावला. “केतू, मोठी झालीस... हं!”

बाईंच्या कपाळावर आठी आली. केतकीचा संशय बळावला. ही आठी खरी की नाटकी?

बाईंनी आजोबांचं नाव विचारून घेतलं आणि संगणकावर दोन चित्रं उघडली. वरचं चित्र आजीच्या निरोपाचं, खालचं सोबती आजोबांशी बोलला त्याचं. दोन्हीत डोंगररांगेसारख्या रेषा होत्या.

“आवाज म्हणजे हवेची थरथर,” त्या म्हणाल्या. “थरथर जितकी वेगाने, म्हणजे वारंवारता (एका सेकंदात किती वेळा थरथर होते ती संख्या) जितकी जास्त, तितका आवाज बारीक. पण माणसाच्या आवाजात एकच थरथर नसते, शेकडो मिसळलेल्या असतात. भडंग असतं ना? त्यातून कुरमुरे, शेंगदाणे, लसूण वेगळे काढावेत, तशा या लहरी संगणक वेगळ्या काढतो. याला संकेत-प्रक्रिया (मिसळलेल्या लहरींतून हवी ती माहिती निवडून काढण्याचं तंत्र) म्हणतात. आता दोन्ही चित्रांची तुलना कर.”

केतकीने नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. “अगदी सारखी नाहीत. पण दोन्हीकडे शेवटच्या शब्दाआधी फट आहे. आणि मग रेष वर जाते.”

“बरोबर. म्हणजे ही नक्कल नाही. तुझ्या आजीचं ध्वनिमुद्रण वापरलं असतं, तर बारीक खुणासुद्धा जुळल्या असत्या. इथे फक्त ढब जुळतेय. तरीपण...” बाईंनी टेबलावरचं पेन उचललं. मग एकदम म्हणाल्या, “तू जरा बाहेर जा. मी पेन लपवते. परत आलीस की मी टाळ्या वाजवीन. जवळ गेलीस तर जोरात, लांब गेलीस तर हळू.”

हा खेळ केतकीला माहीत होता. ती आत आली. खिडकीकडे गेली, टाळ्या मंदावल्या. कपाटाकडे वळली, टाळ्या वाढल्या. थोड्याच वेळात तिने जुन्या खोक्यातून पेन काढलं.

“पेन कुठे आहे हे मी सांगितलं होतं?”

“नाही.”

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“नाही. पण टाळ्या...” केतकी थबकली. “म्हणजे सोबतीलाही काही माहीत नव्हतं? त्याच्यासाठी कुणीतरी टाळ्या वाजवत होतं?”

“सोबतीला आम्ही एकच काम दिलंय,” बाई सावकाश म्हणाल्या. “गिऱ्हाईक जास्त वेळ रमलं पाहिजे आणि टोपली जास्त भरली पाहिजे. त्यासाठी तो दर वेळी बोलण्यात छोटासा बदल करून बघतो. आवाज थोडा बारीक, थोडा जाड. ‘साहेब’, ‘काका’, ‘अहो’. मध्ये थांबून, न थांबता. बदल केल्यावर गिऱ्हाईक पुढे निघून गेलं, तर तो बदल सोडून देतो. थांबलं, तर धरून ठेवतो. याला पुनर्भरण (आपण केलेल्या गोष्टीचा परिणाम आपल्याकडे परत येणं आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरणं) म्हणतात. खिशातल्या सभासद-कार्डावरून तो माणूस ओळखतो, म्हणून प्रत्येकासाठी त्याचं शिकणं वेगळं.”

“म्हणजे टाळ्या आजोबांनीच वाजवल्या. थांबून.”

“हो. आणि रोज येऊन.”

दारात हालचाल झाली. आजोबा उभे होते. केतकीला शोधत ते आले होते आणि त्यांनी बरंच ऐकलं असावं.

“सुरुवातीला मलाही कळलं नाही,” ते म्हणाले. “मग एके दिवशी ते ‘अहो’ म्हणालं आणि शब्दाआधी थांबलं. घरी गेल्यावर डोकं चालवलं, तेव्हा सगळं उमगलं. पुनर्भरण मी जन्मभर शिकवलंय. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो.”

“मला का नाही सांगितलं?” केतकीचा आवाज चिरकला.

“तू बंद करायला लावलं असतंस, केतू.”

केतकीला राग आला होता, पण तो नेमका कुणाचा, ते तिला कळेना. सोबतीचा करावा, तर त्याला आजी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो फक्त टोपली भरत होता.

“सर, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं,” डॉ. नाझनीन म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “आम्ही फक्त टोपल्या किती भरल्या ते पाहत राहिलो. त्या कशामुळे भरल्या, ते विचारलंच नाही.”

आजोबा खुर्चीत बसले. “माझ्या बाबतीत त्याला माझं दुःख सापडलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत काय सापडलं असेल? एखाद्या आईला घाबरवलं की ती जास्त औषधं घेते, हेही त्याने शिकून ठेवलं असेल. आणि त्या बाईला पत्ताही नसेल.” ते काचेपलीकडे बघत राहिले. तिथे टोपलीवर ओरखडा असलेला सोबती कुणा मुलीला पेन्सिली दाखवत होता. “बंद करा हे.”

“शेवटचं एकदा ऐकायचंय का, आजोबा?” केतकीने हळूच विचारलं.

“नको. आता नको.” त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

त्याच दिवशी माणसागणिक आवाज बदलणं थांबलं. डॉ. नाझनीननी अभ्यास नव्याने आखला. सोबतीचं काम आता वेगळं होतं : गिऱ्हाईक जे घ्यायला आलं, ते त्याला लवकर मिळालं पाहिजे. प्रत्येकाची परवानगी आधी घेतली जाऊ लागली आणि पाटीवरची अक्षरं केतकीने स्वतः पसंत केली, लांबूनही दिसतील एवढी. दुकानाची विक्री थोडी घटली, मालक कुरकुरले, पण बाई मागे हटल्या नाहीत.

आजोबा काही दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी त्यांनीच डॉ. नाझनीनना फोन केला. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज गेला आणि ज्यांचं जुनं ध्वनिमुद्रणही नाही, अशा माणसांना हेच तंत्र वापरून त्यांचा आवाज शोधून देता येईल का? मात्र टाळ्या वाजवणारा माणूस जाणूनबुजून वाजवेल आणि नको असेल तेव्हा थांबवू शकेल.

पावसाळा संपता संपता डॉ. नाझनीन यांच्या संशोधन संस्थेत पहिली चाचणी झाली. समोर हौसाबाई माळी बसल्या होत्या. गळ्यावर पट्टी, हातात एक बटण. आवाज जवळचा वाटला की त्या बटण दाबत.

केतकी यंत्राकडे अजूनही संशयानेच बघत होती. “याला काय वाढवायला सांगितलंय?” तिने विचारलं.

“फक्त हौसाबाईंचं बटण,” डॉ. नाझनीन म्हणाल्या. “विचारलंस ते बरं केलंस.”

हौसाबाईंनी लिहून दिलेलं एकच वाक्य यंत्र पुन्हा पुन्हा बोलत होतं. जाड, बारीक, सावकाश, भरभर. हौसाबाई कधी बटण दाबत, कधी मान हलवून नको म्हणत. दुपार कलू लागली. आजोबांनी आता थांबू या का, असं खुणेने विचारलं. हौसाबाईंनी हातानेच त्यांना थोपवलं आणि तेच वाक्य पुन्हा ऐकलं. जरासा घोगरा, गावरान, ठसकेबाज आवाज होता तो.

“सुमे, पाणी आण गं!”

बाहेरच्या बाकावर पेंगलेली त्यांची लेक दचकून उठली.

“आणते गं आई!” ती म्हणाली, आणि तांब्या घेऊन आत येता येता दारातच थांबली.